काळ, काम आणि वेग
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लासलगाव येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन शिक्षकी पेशात शिरलो, अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविले, आणि निवृत्त होऊन घरी बसलो. तेव्हा मजकडून शास्त्रार्थाची अपेक्षा आपण करू नये. एका गृहस्थाने आपल्या घरी जे पाहिले, आणि त्यातून जे थोडे उमगले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

आज सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांत वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळविलेल्या तीन कन्या होत्या. अध्यक्षांनी त्यांना शाल व श्रीफळ दिले, आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या, मातापित्यांचे डोळे भरून आले. दुपारी मी जेवणाच्या पंगतीत बसलो असता माझ्या मागच्या पानावरून दोघांचे संभाषण कानी पडले. एक म्हणाले, "पोरगी हुशार आहे खरी, पण डॉक्टर व्हायचं म्हणजे तिशी गाठणार. मग लग्न कधी, आणि पोरंबाळं कधी?" दुसरे म्हणाले, "त्याचीच तर चिंता." ते दोघे सज्जन आहेत आणि त्यांचा प्रश्नही खोटा नाही. परंतु हा प्रश्न पाठीमागे कुजबुजण्याचा नसून समोर बसून नीट बोलण्याचा आहे, असे मला वाटले. आणि म्हणून योजलेला विषय बाजूस ठेवून मी आज यावरच बोलणार आहे. वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलीसुनांनी मातृत्व केव्हा स्वीकारावे, आणि त्या निर्णयात आपण वडीलधाऱ्यांनी कोठे उभे राहावे, हा तो विषय होय.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून आपण ज्यांचे नाव आदराने घेतो, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पती गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीस होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाई प्रसूत झाल्या. मुलगा झाला, आणि दहा दिवसांचा होऊन वारला. त्या काळी परपुरुष वैद्याकडून तपासून घेण्यास स्त्रियांना संकोच वाटे आणि स्त्री-डॉक्टर तर मिळतच नसे. त्या बालमातेच्या मनात वैद्यकी शिकण्याची जी इच्छा पुढे दृढ झाली, तिच्या मुळाशी हे दहा दिवस होते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. मायदेशी परतल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरलेली होती. परंतु क्षयाने त्यांचा देह पोखरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला होता.

ही कथा आपण शाळेत सांगतो ती जिद्दीची कथा म्हणून. मीही वर्षानुवर्षे तशीच सांगितली. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. आनंदीबाईंना मूल केव्हा हवे, किंवा हवे की नाही, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारण्याचे ते वयही नव्हते आणि तशी रीतही नव्हती. शिकविण्याचा ध्यास पतीने घेतला, विवाह वडिलांनी ठरविला, आणि मातृत्व आपोआप आले नि गेले.

दुसरे उदाहरण डॉ. रखमाबाईंचे. त्यांचा जन्म १८६४ चा, विवाह अकराव्या वर्षी. वयात आल्यावर त्यांनी पतीच्या घरी नांदावयास जाण्यास नकार दिला. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले की, नांदावयास जा, नाही तर सहा महिने कारावास भोगा. आणि रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, पुढे लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. म्हणजे एकीला मातृत्व न विचारता मिळाले, तर दुसरीला विद्येसाठी संसार सोडावा लागला.

तिसरे उदाहरण बंगालचे आहे. कादंबिनी गांगुली यांनी विवाहानंतर कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, आणि शिकत असतानाच त्या माता झाल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८८८ सालच्या एका पत्रात त्यांच्याविषयी मोठ्या आश्चर्याने लिहिले आहे की, बाळंतपणासाठी त्या केवळ तेरा दिवस गैरहजर राहिल्या. पुढे मुलांना घरी ठेवून त्या विलायतेस गेल्या आणि १८९३ साली तेथील वैद्यकीच्या पदविका घेऊन आल्या. पती द्वारकानाथ हे स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. तेरा दिवस ही गोष्ट कौतुकाची खरी. पण मी जेव्हा जेव्हा हा आकडा आठवतो तेव्हा माझ्या मनात येते, की त्या चौदाव्या दिवशी घरी बाळाला कोणी घेतले असेल? इतिहासाने त्या हातांची नावे फारशी टिपलेली नाहीत. परंतु ते हात होते, एवढे निश्चित.

मातृत्वाचा काळ मनुष्याला निवडता येतो, हा विचारही आपल्याकडे फार जुना नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरीस मुकावे लागले, न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्या गोष्टीसाठी त्या गृहस्थाने आयुष्य झिजविले, ती आज तालुक्याच्या दवाखान्यात विनासायास मिळते. साधन हाती आले, पण निर्णय कोणी घ्यावयाचा, हे मात्र आपण अजून पुरते ठरविलेले नाही.

आता माझ्या घरची हकिकत सांगतो. यात दोष माझाच आहे, म्हणून ती सांगण्यास मला संकोच नाही.

माझी कन्या एम.बी.बी.एस. झाली आणि पंचविसाव्या वर्षी तिचा विवाह झाला. जावई अभियंता आहेत. पुढच्या वर्षी तिला एम.डी.ला प्रवेश मिळाला, आणि ती निवासी डॉक्टर म्हणून मोठ्या शहरातील रुग्णालयात राहू लागली. इकडे लासलगावात मी सकाळी बाजार समितीच्या बाजूने फिरावयास निघे. कांद्याचा आजचा भाव काय, हे जसे एकमेकांस सहज विचारावे, तसे लोक मला विचारीत, "काय गुरुजी, गोड बातमी केव्हा?" पहिल्या वर्षी मी हसून टाळले. दुसऱ्या वर्षी मला ते बोचू लागले. त्या दिवाळीत कन्या दोनच दिवसांकरिता माहेरी आली. भाऊबीजेच्या सायंकाळी मी तिला म्हणालो, "शिक्षण काय, होतच राहील. आम्ही डोळे मिटण्यापूर्वी नातवंड दाखव म्हणजे झाले." सौ.ने मला डोळ्यांनी खुणावले. पण शब्द तोंडातून सुटला तो सुटलाच.

कन्या काही बोलली नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर तिने भिंतीवरील दिनदर्शिकेचे जुने पान काढले, पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "नाना, तुम्ही मला काळ, काम आणि वेग यांची गणिते शिकवलीत. एवढे एक उदाहरण सोडवून द्या."

मी चष्मा लावून ते पान वाचले. आपल्या समजुतीसाठी तेच येथे मांडतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना हा हिशेब ठाऊक नसतो, मलाही नव्हता.

बारावीनंतर नीट ही प्रवेशपरीक्षा. एका प्रयत्नात साधली तर वय अठरा. एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्ष रुग्णालयात सक्तीची उमेदवारी, म्हणजे साडेतेवीस. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्ष बंधपत्राची सेवा. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा इतकी कठीण, की तिच्या तयारीत पुष्कळांचे एखादे वर्ष जाते. तेथवर वय पंचवीस-सव्वीस. नंतर एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे, वय अठ्ठावीस-एकोणतीस. त्यानंतर पुन्हा बंधपत्राची सेवा. आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा एखाद्या अवयवाचे विशेष शिक्षण घ्यावयाचे तर आणखी तीन वर्षे. म्हणजे वय बत्तीस-तेहेतीस. त्यात कोठे एक वर्ष वाया गेले की तेवढे पुढे.

ही झाली एक रेघ. दुसरी रेघ निसर्गाची होती. स्त्रीच्या देहातील सर्व स्त्रीबीजे ती जन्मतःच घेऊन येते. नवी निर्माण होत नाहीत. तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुण हळूहळू घटू लागतात आणि पस्तिशीनंतर ही घट वेगाने होते. मूल डाऊन सिंड्रोम या जन्मजात व्यंगासह जन्मण्याचा संभव आईच्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षी सुमारे साडेतीनशेत एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरात एक असतो. तेव्हा "आधी सगळे शिक्षण, मग मूल" हा मार्गही सर्वांना सुरक्षित नाही. मी तिला म्हणालो, "पण आता तर नळीतील बाळाचे शास्त्र निघाले आहे." तिने मान हलविली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या उपचारांनाही बीज लागते, आणि बीजाचे वय उपचाराने मागे जात नाही. स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याची सोय आहे आणि २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांना वयाच्या मर्यादाही घातल्या आहेत. परंतु गोठविलेल्या बीजातून मूल होईलच, अशी हमी कोणी देत नाही. आणि आणखी एक गोष्ट तिने मला सांगितली, जी आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी: मूल न होण्याचे कारण पुष्कळ वेळा पतीच्या ठायी असते. तपासणी दोघांची व्हावयास हवी. बोल मात्र एकटीला लागतो.

मग तिने तिसरी रेघ दाखविली. ती तिच्या कामाची होती. निवासी डॉक्टरला रात्रपाळ्या असतात. कधी दिवसाची ड्यूटी रात्रीत आणि रात्रीची दुसऱ्या दिवसात जाते. पायांवर तासन्‌तास उभे राहावे लागते. क्षयाचे, कांजिण्यांचे, गोवराचे रुग्ण तपासावे लागतात. काही शाखांत क्ष-किरणांच्या जवळ काम असते. गरोदरपणात यांपैकी काही गोष्टी टाळाव्या लागतात, आणि त्या टाळावयाच्या तर सहकाऱ्यांवर भार पडतो. प्रसूतिरजेची सोय आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांकरिता रजा २६ आठवड्यांची झाली. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीतही विद्यार्थिनींना शासकीय नियमांप्रमाणे ही रजा द्यावी असे म्हटले आहे. परंतु शिक्षणाची जेवढी मुदत बुडते तेवढी पुढे भरून द्यावी लागते, आणि त्यामुळे परीक्षा लांबू शकते. बरोबरीचे पुढे जातात, आपण मागे राहतो.

कन्या म्हणाली, "नाना, शिकत असताना मूल होऊ दिले तर हा त्रास. शिक्षण संपवून होऊ दिले तर तो धोका. मधल्या फटीत बसवावे, तर ती फट परीक्षेच्या निकालावर अवलंबून. चुकीचे उत्तर कोणते ते मला सांगता येते. बरोबर कोणते ते तुम्ही सांगा."

मी अडतीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य. पण त्या रात्री मला ते गणित सुटले नाही. मी पान घडी करून खिशात ठेवले आणि झोपावयास गेलो.

पहाटे जागा झालो तेव्हा मला एक गोष्ट आठवली. काळ-काम-वेगाच्या गणितात आपण मुलांना काय शिकवितो? की इतके मजूर इतक्या दिवसांत एक विहीर खणतात. तर मजूर दुप्पट केल्यास किती दिवस लागतील? त्या पानावर कन्येने काळ लिहिला होता, काम लिहिले होते, पण मजूर एकच धरला होता. आणि तसा धरण्यास तिला मीच भाग पाडले होते. कारण "नातवंड दाखव" म्हणताना मी तिच्याकडे मागणी केली; माझा वाटा किती, हे सांगितलेच नाही.

नऊ महिने तिला एकटीलाच वाहावे लागतात. तेथे दहा माणसे लावूनही उपयोग नाही. परंतु त्यापुढील कामाची वाटणी होऊ शकते. सकाळी चहा घेताना मी तिला म्हणालो, "बाळ, उत्तर मला येत नाही. ते तू आणि जावईबापू मिळून काढा; तारीख तुमची. पण तुम्ही जी तारीख काढाल तिच्यापासून पुढे आम्ही दोघे तुमचे मजूर आहोत, एवढे धरून गणित पुन्हा मांडा." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे लग्नाआधी कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं."

पुढे दोघांनी विचार केला, तिच्या विभागप्रमुखांशी बोलणे केले. गर्भधारणेच्या आधीपासूनच फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावयाची असते, हे मला तेव्हा प्रथम कळले. कारण बाळाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो, आणि तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तिची परीक्षा सहा महिने पुढे गेली. बरोबरीच्या मैत्रिणींचा निकाल लागला त्या दिवशी ती बाळाला मांडीवर घेऊन रडली, हेही मी लपवीत नाही. या मार्गावर काही सोडावे लागतेच.

परंतु रजा संपून ती कामावर रुजू झाली त्या दिवशी आम्ही उभयतांनी लासलगावचे घर कुलूप लावून बंद केले आणि तिच्या दोन खोल्यांत राहावयास गेलो. आठ महिने राहिलो. मध्ये दोन महिने विहीणबाई आल्या, तेव्हा आम्ही इकडे येऊन दाराची कडी तपासून गेलो. जावईबापूंनी रात्रीचे जागरण आपल्याकडे घेतले. सौ.ने न्हाऊमाखू घातले. आणि मी काय केले? मी नाचणीचे सत्त्व ढवळावयास शिकलो, आणि दुपटी व लंगोट धुऊन गॅलरीतील दोरीवर वाळत घालू लागलो. शेजारचे एक गृहस्थ प्रथम प्रथम पाहून हसत. एके दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, आमच्या सुनेचंही तेच चाललंय, मला जरा सत्त्वाचं प्रमाण सांगा." अध्यक्षमहाशय, आयुष्यात मी अनेकांना अनेक प्रमाणे सांगितली, पण ते सांगताना जो आनंद झाला तो निराळाच होता.

माझ्या घरी जे उत्तर निघाले तेच आपल्या घरी निघावे, असा माझा मुळीच आग्रह नाही. कोणी शिक्षण पुरे करून मूल होऊ देईल, कोणी उमेदवारी संपताच देईल. कोणाला एकच हवे असेल. कोणाला ईश्वर देणार नाही, आणि कोणाला नकोही असेल. आपल्या भागातील शेतकरी जाणतो की वापसा झाल्यावाचून पेरू नये, आणि वापसा निघून गेल्यावर पेरण्यातही अर्थ नाही. पण वापसा झाला की नाही, हे बांधावरच्या वाटसरूला कळत नाही. जो वावरात उतरून मातीचे ढेकूळ हातात घेतो त्यालाच ते कळते. आपण वडीलधारे बांधावर आहोत, हे आपण मान्य केले पाहिजे.

येथे कोणी ज्येष्ठ भगिनी म्हणतील, "आम्ही नाही का केलं सगळं? आमच्या वेळी कोणी विचारलं होतं?" मावशी, काकू, आपण केलेत हे खरे आहे, आणि आपल्या कष्टांपुढे माझे मस्तक नम्र आहे. पण आपल्या घरात तेव्हा सासू, आत्या, जावा अशी चार माणसे होती आणि शेजारीण भिंतीपलीकडून हाकेला ओ देत होती. आज आपली डॉक्टर मुलगी परक्या शहरात दोन खोल्यांत राहते. आणि आपल्याला कोणी विचारले नाही, ही गोष्ट आपल्या लेकीसुनांच्या वाट्यासही यावी, असे आपल्यालाही मनातून वाटत नसेल.

म्हणून मंडळापुढे आणि कुटुंबांपुढे माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली विनंती वरपक्षास. वधूवरांच्या नोंदवहीत "डॉक्टर मुलगी पाहिजे" अशी अपेक्षा पुष्कळ जण लिहितात. जरूर लिहावी. परंतु डॉक्टर सून हवी आणि वर्षाच्या आत पाळणाही हलावयास हवा, या दोन अपेक्षा एकाच ओळीत लिहू नयेत. मुलामुलीच्या पहिल्या भेटीतच शिक्षणाची किती वर्षे उरली आहेत, आणि मुलाबाळांविषयी दोघांचा विचार काय, हे मोकळेपणाने बोलले जावे. लाजण्याचे त्यात काही नाही.

दुसरी विनंती आपणा सर्वांस. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, रस्त्यात भेटल्यावर "गोड बातमी केव्हा?" हा प्रश्न कोणासही विचारू नये. समोरची मुलगी आदल्याच महिन्यात काय सोसून आली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

तिसरी विनंती मुलींच्या पतींस. आपल्या पत्नीच्या परीक्षेचे वेळापत्रक जितके तिला पाठ आहे तितके आपल्यालाही पाठ असावे. बाळाचे जागरण म्हणजे तिला केलेली मदत नाही. तो आपल्याच कामाचा वाटा आहे.

चौथी विनंती मंडळास. आज नाशिकला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आडगावचे महाविद्यालय १९९० पासून चालू आहे; महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशिकलाच आहे. मुंबई आणि पुणे येथे तर आपल्या ज्ञातीची पुष्कळ कुटुंबे राहतात. मंडळाने एक वही ठेवावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जवळ राहणारी आपली कोणती कुटुंबे बाळंतिणीच्या आईला महिना-दोन महिने एक खोली देऊ शकतील, किंवा दुपारचे चार तास बाळाला सांभाळू शकतील, त्यांची नावे तीत लिहावीत. यास निधी लागत नाही. एक वही, एक पेन, आणि चिटणिसांची थोडी सवड पुरे. त्या वहीत पहिले नाव माझे लिहावे. आमच्या लासलगावच्या घरातील पुढची खोली मोकळी आहे. आणि सत्त्व ढवळावयास मी आहेच.

सकाळी सत्कार झालेल्या त्या तीन कन्या मागच्या रांगेत बसलेल्या मला येथून दिसत आहेत. मुलींनो, तुम्ही आज अठरा वर्षांच्या आहात. या विषयाचा विचार तुम्हांला दहा वर्षांनी करावयाचा आहे, तेव्हा आज त्याची काळजी करू नका. शरीरशास्त्र नीट वाचा. परंतु तो दिवस येईल तेव्हा गणित मांडताना मजूर एकच धरू नका. आम्ही किती जण आहोत, ते आधी आम्हांला विचारा. आणि आम्ही मागे सरलो, तर आज येथे वाजविलेल्या टाळ्यांची आम्हांला आठवण करून द्या.